बोल्टच्या आट्यांत दडलेली ताकद

चर्चगेटहून विरारकडे जाताना वसईच्या खाडीआधी भाईंदर स्टेशन लागते. पूर्वेला उतरून औद्योगिक गाळ्यांच्या गल्लीत शिरा. यंत्रांचा खणखणाट तुमच्या कानी पडेल. इथे स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यापासून भांडी तयार होतात. तुमच्या घरातली एखादी वाटी कदाचित इथलीच असेल!

यंत्रातला फिरता दांडा थेट सांगाड्यावर घासू देत नाहीत. मध्ये गनमेटलची किंवा फॉस्फर ब्राँझची आखूड नळी बसवतात. तिला म्हणतात ‘बुश’. हे धातू पोलादापेक्षा मऊ. त्यामुळे झिजतो तो स्वस्त बुश, महाग दांडा नव्हे. पण बुश फार झिजला की दांडा डुगडुगू लागतो. प्रेसचा ठोका जागचा सरकला, तर साचाही फुटू शकतो.

मग जुना बुश काढून नवा का घालू नये? घालायचाच, पण तो सहज निघत नाही. 30 मिलिमीटर व्यासाचा बुश त्याच्या भोकापेक्षा मिलिमीटरचे तीन-चार शतांश मोठा ठेवून दाबून बसवलेला असतो. एवढासा फरक, पण पकड केवढी! हातोडा मारावा, तर घाव एका अंगाला बसतो. बुश तिरपा होऊन अडकतो आणि भोकावर ओरखडे उठतात.

हुशार फिटर अशा वेळी एक साधे साधन करतो. त्याला हवा एक लांब बोल्ट, नट, जाड वायसर, पाइपचा तुकडा आणि लेथवर कातलेली पायरीची चकती. चकतीची लहान पायरी बुशच्या आत बसते. मोठी पायरी बुशच्या बाहेरील व्यासाहून किंचित लहान असते. पाइप मात्र आतून बुशपेक्षा मोठा आणि लांबीलाही जास्त. चकती एका बाजूला, पाइप व वायसर दुसऱ्या बाजूला, आणि बोल्ट सर्वांतून आरपार. नट आवळा, की बुश सरळ पाइपमध्ये सरकतो. नवा बुश बसवताना पाइप काढून घ्यायचा, बुशला तेल लावायचे आणि त्याच चकतीने तो आत ओढायचा. दाबामुळे त्याचे भोक किंचित आवळते. ते रीमरने नेमके करतात.

आता गणित पाहा. बोल्ट 12 मिलिमीटरचा असेल, तर एका फेऱ्यात नट साधारण 1.75 मिलिमीटर पुढे जातो. 20 सेंटिमीटर लांब पान्यावरचा हात तेवढ्यात सुमारे 1257 मिलिमीटर फिरतो. म्हणजे 718 पट! 10 किलोचा जोर लावला, तर कागदावर सात हजार किलोंहून अधिक ओढ मिळायला हवी. प्रत्यक्षात जवळजवळ नऊ दशांश ताकद घर्षण खाते. तरी सुमारे 800 किलो उरते. पण घर्षणाला नावे ठेवू नका. हात काढल्यावर नट उलटा फिरत नाही, तो त्याच्यामुळेच!

हे काम यंत्राची वीज तोडून, डोळ्यांना चष्मा लावून, जाणत्या फिटरच्या देखरेखीखालीच करतात, बरे का! तुम्ही घरी एवढे करा: कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरपी कड आट्यांसारखी वर चढत जाईल. आटे म्हणजे दुसरे काय? दांड्याभोवती गुंडाळलेला एक लांबच लांब उतारच!