खजुराला कीड लागू नये म्हणून

रमजानच्या विक्रीसाठी खजूर व अंजीर महिनोन्‌महिने आधी भरून ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांना आमचे एक सांगणे आहे. किडीच्या भीतीने पोत्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवू नका. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू किडीप्रमाणे माणसाचाही जीव घेतो. गोदामाच्या माळ्यावर मुलेबाळे झोपत असतील तर धोका मोठाच. मिथिल ब्रोमाईडची धुरीही ओझोन थराला घातक ठरल्याने विकसनशील देशांत २०१५ पासून काही अपवाद वगळता बंद झाली आहे.

यापेक्षा थंडीचा उपाय बरा. उणे १८ अंश सेल्सिअसला माल आठवडाभर ठेवल्यास अंडी, अळ्या, भुंगेरे, पतंग सारे मरतात. मात्र थंडी पेटीच्या मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून पेट्यांची थप्पी सैल लावावी. बाहेर काढलेली पेटी लगेच उघडू नये, नाहीतर मालावर पाणी धरते व बुरशी येते. पुढे माल हवाबंद पिशव्यांत, १० अंशांखाली ठेवावा. जुना माल नव्यात मिसळू नये, सांडलेले दाणे रोज झाडून काढावेत.

शीतगृहाचे भाडे पडते हे खरे. पण इफ्तारच्या ताटात अळी निघाली तर गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हा हिशेबही आपण मांडला पाहिजे.