मॅक्रो बंद करायचे, ते सगळीकडे

रायगडाचे दरवाजे मिटल्यावरही हिरकणी कडा उतरून घरी गेली आणि मग तिथे बुरूज बांधला, ही आख्यायिका पाचाडात कुणालाही विचारा. ऑफिसातल्या मॅक्रोंचंही असंच आहे.

मॅक्रो म्हणजे वर्ड-एक्सेलच्या फाइलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तेच तेच काम वाचवतो, पण लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असला तर घातही करतो. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' व्हायरस वर्डच्या फाइलमधून आला आणि आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो अडवतं, कारण विंडोज त्यांच्यावर 'बाहेरून आलेली' अशी खूण ठेवतं. फॅट-३२ पेन ड्राइव्हवर मात्र ही खूण टिकत नाही. मग फक्त पिवळी पट्टी दिसते आणि घाईत आपण तिच्यावर क्लिक करतो. आपला उघडा कडा तो हाच.

म्हणून हा निर्णय एकेकट्यावर सोडू नये. ॲडमिनने ग्रुप पॉलिसीतून सगळ्या संगणकांवर मॅक्रो बंद करावेत, फक्त खात्रीची डिजिटल सही असलेले चालू द्यावेत. त्याआधी लॅबमधल्या कोणत्या शीट मॅक्रोवर चालतात, याची यादी करा. नाहीतर प्रबंधाची आकडेमोड अडेल आणि कुणीतरी बंदीच उठवायला लावेल.