बाप, वय वर्षे सोळा
उमलत्या वयाच्या कादंबऱ्या : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण कुमारी मातांच्या कादंबऱ्या पाहिल्या. त्यांतला मुलगा बहुधा सुरुवातीच्या पानांतच गायब होतो. चूक त्याचीही असते, पण गोष्ट तिची एकटीची उरते. आज त्या मुलाकडे वळू.

बर्ली डोहर्टी यांच्या ‘डिअर नोबडी’ (१९९१) या कादंबरीने त्याला बोलू दिले. शेफील्डमधली हेलन पोटातल्या बाळाला पत्रे लिहिते. तिचा मित्र ख्रिस ती वाचता वाचता आपली हकीकत सांगतो. कार्नेगी पदक मिळवलेले हे पुस्तक सुंदरच आहे. पण बाळ जन्मते तोवर ते संपत आलेले असते. रात्री दोन वाजता दूध कोण गरम करणार, हा प्रश्न ख्रिससमोर येतच नाही.

अमेरिकन लेखिका अँजेला जॉन्सन यांची ‘द फर्स्ट पार्ट लास्ट’ (२००३) नेमकी तिथून सुरू होते. न्यूयॉर्कमधला बॉबी, सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. त्याची तान्ही लेक फेदर त्याच्या छातीवर झोपते. तो झोपेविना शाळेत जातो, परत येऊन तिचे लंगोट बदलतो. बॉबीची आई त्याच घरात आहे, पण बाळ रडले तरी ती उठत नाही. बाळ तुझे, तूच सांभाळ, असे तिने स्वच्छ सांगितले आहे. नातवंड म्हटले की आजीने पदर खोचून पुढे व्हायचे, ही आपली सवय. त्यामुळे ही बाई आपल्याला प्रथम निष्ठुर वाटते. मला मात्र तीच या कादंबरीचा कणा वाटते. तिने बाळ उचलले असते, तर बॉबी थोरला भाऊ झाला असता, बाप झाला नसता.

एक दिवस तो शाळा बुडवतो, फेदरला शेजारणीकडे सोडतो आणि भिंतीवर चित्र रंगवत बसतो. पोलीस त्याला पकडतात. लेखिका त्याला रागे भरत नाही, पाठीशीही घालत नाही.

प्रकरणे आलटून पालटून ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’ अशी येतात. ‘आत्ता’मध्ये बाळ आहे. ‘तेव्हा’मध्ये बाळाची आई निया आहे, लाल फुगा आहे, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत. निया ‘आत्ता’मध्ये का नाही, हे फार उशिरा कळते, ते इथे सांगून मी तुमचे वाचन बिघडवणार नाही. एवढेच सांगतो की या मांडणीमुळे बॉबीचा थकवा आपण आधी अनुभवतो आणि त्याचे कारण नंतर समजते. त्याच्याविषयी मत बनवण्याची घाई आपोआप थांबते. २००४ साली या पुस्तकाला प्रिंट्झ पुरस्कार आणि कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार, दोन्ही मिळाले.

असे कोवळे बाप आणखीही भेटतात. निक हॉर्नबी यांच्या ‘स्लॅम’मधला (२००७) सॅम घाबरून घरातून पळतो आणि परत येतो. मार्गारेट बेचर्ड यांच्या ‘हँगिंग ऑन टू मॅक्स’मधला (२००२) सॅम बाळाला जीव लावतो, आणि शेवटी दत्तक देतो. तो हरला असे मी म्हणणार नाही.

जॉन्सन यांचे पुस्तक जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांचे आहे. इंग्रजी साधे, वाक्ये छोटी. घरात सोळा वर्षांचा मुलगा असेल, तर आधी तुम्ही वाचा आणि मग काही न बोलता त्याच्या टेबलावर ठेवा.