वीकेण्डला कुदळ-फावडं!

शनिवारी संध्याकाळी फुटाळा, रविवारी सकाळी तर्री-पोहे, दुपारी मॉल. नागपूरकर यंगस्टर्सचा वीकेण्ड तसा फिक्सच! पण ऐन उन्हाळ्यात काही जण पहाटे साडेचारचा अलार्म लावतात आणि कुदळ-फावडं घेऊन टेकडीवर पोहोचतात. पैसे नाहीत, एसी नाही, वर पाठ धरते ती वेगळीच. मग यात मिळतं तरी काय?

हे वेड शहरात पसरवलं पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने. २०१६ ते २०१९ या काळात दर उन्हाळ्यात गावागावांत जलसंधारणाची ही स्पर्धा रंगली. २०१७चा पहिला नंबर पटकावला आपल्या शेजारच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या चिमुकल्या गावाने! १ मे २०१८च्या महाश्रमदानाला तर शहरांतून 'जलमित्रां'ची फौजच निघाली. मी तेव्हा मास कॉमची स्टुडंट. संत्र्याच्या पट्ट्यातल्या, नरखेड तालुक्यातल्या एका उजाड टेकडीवर मीही होते.

तिथे पहिला धडा मिळाला 'माथा ते पायथा'चा. म्हणजे काम वरून सुरू करायचं. माथ्यावर पाणी अडलं नाही, तर खालचे बांध पहिल्याच पावसात मातीने भरतात. चर खणायचे तेही समपातळीवर. त्यासाठी लागतो फक्त ए-फ्रेम : दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी आणि दगड बांधलेली दोरी. दोरी बरोबर मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत. नो बॅटरी, नो अ‍ॅप!

आता जरा गणित. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर एका मीटरला १८० लिटर पाणी मावतं. दहा मीटरला १,८०० लिटर, तेही प्रत्येक दमदार सरीला! अर्थात, हे उघड्या, उताराच्या जमिनीसाठी. दाट जंगलात मुळं तोडून चर खणणं म्हणजे नुकसानच. तिथे पालापाचोळा आणि झाडोराच पाणी मुरवतो.

'पण आम्हा शहरवाल्यांना काय त्याचं?' असं म्हणत असाल, तर जुलै २०१९ आठवा. पेंचचा तोतलाडोह आटला आणि नागपुरात एक दिवसाआड नळ आले. पुढे २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. ही नदी उगम पावते लाव्याच्या टेकड्यांत. पाणी वर अडलं नाही, तर ते एकतर मिळत नाही किंवा एकदमच अंगावर येतं.

त्या दिवशी आमचा सेल्फीचा राउंड सुरू असताना गावातल्या एका आजीने विचारलं, "पोरी, पानी पडल्यावर हे चर पाहाले कोन येते?" आम्ही सगळेच गप्प. कारण खरी मेख तिथेच आहे. एक-दोन पावसाळ्यांत चर गाळाने बुजतात. आणि काम झालं की नाही, हे फोटो नाही, विहीर सांगते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावातली विहीर मोजायला तर एक टेप आणि एक वही पुरते. हे काम ग्लॅमरस नाही, पण ऑफिस सांभाळून सहज जमण्यासारखं आहे.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढायला आपल्यात केवढी चढाओढ असते! पाणवठ्यावर वाघ दिसावा म्हणून डोळे फाडून बसतो आपण. त्या पाणवठ्यात पाणी कुठून येतं, तेही एकदा जाऊन बघा की!

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

• पहाटे निघा, नऊच्या आत काम उरका. वैदर्भीय ऊन कुणाची गय करत नाही.
• दुपट्टा, टोपी, बूट आणि आपलं पाणी आपणच न्या. गावाच्या हंड्यावर भार नको.
• वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळ मारू नका.
• एकाच गावाशी दोस्ती करा. मे महिन्यात खणलंत, तर ऑक्टोबरमध्ये टेप घेऊन परत जा.

त्या आजीला उत्तर द्यायचंय ना!