एका विसंगतीचे ऋण

शास्त्राच्या प्रगतीत अचूक उत्तरांइतकाच न जुळणाऱ्या नोंदींचाही वाटा असतो. १९५२ साली मुंबईत अशीच एक नोंद पुढे आली. तीन व्यक्तींचे रक्त तेव्हा ज्ञात असलेल्या ए, बी, ओ आणि एबी या चार गटांपैकी कोणत्याच गटात बसेना. चाचणीत ते ‘ओ’सारखे दिसे, परंतु त्याच रक्तातील द्रव ‘ओ’ गटाच्या पेशींनाही गोठळून टाकी. ‘चाचणी चुकली’ असे म्हणून हा निष्कर्ष बाजूला टाकणे सहज शक्य होते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले नाही. त्यांनी लंडनच्या संशोधकांचे साहाय्य घेतले, आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये सात जणांच्या नावे एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला.

निबंध लहान असला, तरी त्याचा परिणाम दूरगामी ठरला. मुंबईच्या या रक्ताने आणि पुढील संशोधनाने असे दाखवून दिले, की ए आणि बी यांच्याही आधी ‘एच’ नावाचा एक मूळ पदार्थ पेशीवर असावा लागतो. भिवंडीच्या वाचकाला हे मागावरून समजेल. उभा ताणा नसेल तर आडवा बाणा कितीही असला तरी कापड विणले जात नाही. त्याचप्रमाणे ‘एच’ नसेल तर ए किंवा बी यांचा जनुक असूनही तो प्रकट होऊ शकत नाही. १९५५ साली लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबात हाच प्रकार दाखवला आणि ‘बॉम्बे’ हे नाव रूढ झाले. १९९५ मध्ये शहराचे नाव मुंबई झाले. रक्तगटाने मात्र जुने नाव जपले आहे.

त्या सात लेखकांतील एक नाव डॉ. एच. एम. भाटिया यांचे होते. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र उघडले. तेच पुढे रक्ताच्या प्रतिकारशास्त्राची संस्था म्हणून वाढले. डॉ. भाटिया यांनी या संस्थेचे संचालकपद भूषवले. १९७४ साली त्यांनी आणि साठे यांनी मुंबईतील या गटाचे प्रमाण मोजले. ते सुमारे ७,६०० व्यक्तींत एक असे आले. युरोपात मात्र हा गट अत्यंत विरळ आहे. हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून नात्यागोत्यात विवाह होणाऱ्या समाजांत तो अधिक आढळतो. एका आयुष्यात एका विषयाचा पाठपुरावा करणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण होय.

या ज्ञानाचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. ‘ओ’ रक्त कोणालाही चालते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. बॉम्बे गटाच्या रुग्णाला तेच रक्त प्राणघातक ठरू शकते. महामार्गाच्या कडेला वसलेल्या भिवंडीसारख्या गावात अपघात आणि अवघड बाळंतपणे घाई घेऊनच येतात. अशा घाईत केवळ पेशींची चाचणी करून थांबले, तर हा गट ‘ओ’ म्हणूनच नोंदला जाईल. द्रवाची उलट चाचणीही केली, तरच तो उघडकीस येतो. कौटुंबिक शांततेचाही येथे संबंध आहे. कागदावर ‘ओ’ असलेल्या मातेचे मूल ‘एबी’ निघाले, तर अज्ञानापोटी तिच्यावर विनाकारण संशय येऊ शकतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. अशा रक्ताला मागणी क्वचित, पुरवठा त्याहूनही क्वचित. आणि सामान्य शीतकपाटात लाल पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत. असा माल कोणता व्यापारी साठवून ठेवील? शिवाय रक्तविक्रीवर १९९८ पासून देशात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा बाजाराचा नियम येथे लंगडा पडतो. येथे उपयोगी पडतात ते स्वेच्छेने नाव नोंदवणारे दाते, ती नोंद नीट ठेवणारी रक्तपेढी आणि सार्वजनिक खर्चाने चालणारी प्रयोगशाळा.

संशोधनाचा लाभ किती, असा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी हटकून विचारला जातो. १९५२ साली त्या तीन व्यक्तींबाबत हा हिशेब मांडला असता, तर उत्तर शून्याच्या आसपासच आले असते. त्या शून्यातून जगाला रक्तगटांचे मूळ समजले आणि अनेकांचे प्राण वाचवण्याची वाट सापडली. हे ऋण केवळ अभिमानाने फिटणारे नाही. तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेतही ती दुसरी चाचणी न चुकता होईल, तेव्हाच त्याचा पहिला हप्ता फिटेल.