न गेलेले नाणे

हस्तलाघवाच्या सर्व प्रकारांत नाण्यांचा खेळ हा सर्वांत अल्प साधनांचा आणि म्हणूनच, माझ्या मते, सर्वांत कठीण होय. कारण रंगमंचावरील जादूगाराला दिव्यांचा, पडद्यांचा, पेट्यांचा आणि मुख्यतः अंतराचा जो आश्रय लाभतो, त्यांपैकी काहीही ज्याच्यापाशी नाही असा हा माणूस, हातभर अंतरावर बसलेल्या आणि फसविले जाण्यास मुळीच राजी नसलेल्या चारपाच जणांसमोर, कोणाच्याही खिशात सापडावीत अशी चार नाणी मांडतो आणि ती या मुठीतून त्या मुठीत, एकामागून एक, अदृश्यपणे रवाना करतो. हा खेळ पाहून उठणारा गृहस्थ बहुधा एकच अभिप्राय देतो, की हात फार चपळ आहे बुवा! या अभिप्रायात तथ्य असे जवळजवळ काहीच नाही.

खेळाची रीत अशी. टेबलावरील जाड कापडावर ओळीने ठेवलेली चार नाणी उजव्या हाताने उचलून डाव्या मुठीत टाकली जातात. टाकताना ती खणखणतात, मूठ मिटते, आणि मग जादूगार सावकाशपणे, दोन्ही मुठी दूर धरून, पहिले नाणे निघण्याची वेळ झाल्याचे जाहीर करतो. सर्वांची दृष्टी मुठींवर खिळते, आणि नेमक्या त्या क्षणी तेथे पाहण्यासारखे काहीही घडत नसते. कारण डाव्या मुठीत मुळात तीनच नाणी गेलेली असून चौथे उजव्या तळव्यातून हललेलेच नसते. प्रेक्षकांच्या हिशेबी जो प्रवास अद्याप सुरू व्हावयाचा आहे, तो जादूगाराच्या हिशेबी केव्हाच आटोपलेला असतो. पुढे उजवी मूठ उघडून एक नाणे टेबलावर ओघळते, डावीतून तीन निघतात, जो तो मुद्देमालाची रुजवात घेतो आणि जमाखर्च बिनचूक जुळल्याने अधिकच बुचकळ्यात पडतो. उरलेली तीन नाणी पुन्हा उचलून डाव्या मुठीत ‘टाकली’ जातात, तेव्हा दुसरे नाणेही याच मार्गाने मागे राहते. या कलेत कृती सदैव एक पाऊल पुढे असते. कित्येक जादूगार तर हे अंतर राखण्यासाठी प्रेक्षकांना ठाऊक नसलेले एक पाचवे नाणेही जवळ बाळगतात.

आता ते नाणे तळव्यात राहते कसे? अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि समोरची, करंगळीखालची तळव्याची बाजू, या दोहोंच्या किंचित आकुंचनाने नाण्याची कड धरली जाते. नाणे दातेरी कडेचे असेल तर पकड अधिक चांगली बसते. हे धरणे थोड्या सरावाने कोणासही साधते, परंतु धरलेले असताना हात रिकामा दिसणे मात्र सहसा साधत नाही; बोटे ताठरतात, अंगठा बाहेर काढल्यासारखा उभा राहतो, आणि मनगट आपण काही लपवीत आहोत अशी जबानी स्वतःहून देऊन टाकते. म्हणून अभ्यासक नाणे तळव्यात ठेवूनच पुस्तकाची पाने उलटतात, चहाचा कप उचलतात, पेन्सिल धरतात. खरी कसोटी तर डाव्या, म्हणजे नाणे न मिळालेल्या हाताची असते. जे आलेच नाही त्याचे वजन त्या हाताने पेलले पाहिजे आणि डोळ्यांनीही त्या मुठीकडेच पाहिले पाहिजे. जादूगाराने चोरून उजव्या हाताकडे पाहिले, की प्रेक्षकांची नजर त्याच्या मागोमाग गेलीच म्हणून समजावे.

नाण्याची निवडही उपेक्षणीय नाही. अमेरिकेत या कलेचे आवडते नाणे म्हणजे अर्धा डॉलर. त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर. या कलेवरील जे. बी. बोबो यांचा 1952 चा विख्यात ग्रंथ त्याच देशातला. योगायोग असा, की आपल्याकडील इंग्रजी अमदानीतील चांदीचा बंदा रुपया, वजनाने एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, कडेने दातेरी आणि व्यासाने 30.5 मिलिमीटर, हा या कामासाठी घडविल्यासारखा होता. आजचे दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे, वजनाने हलके, आणि नादाच्या बाबतीत त्या जुन्या रुपयाची सर त्याला नाही. नादही येथे साक्षीदार असतो: नाणे मुठीत पडल्याचे डोळ्यांनी पाहिले नसले तरी खणखणाटावरून मन ते पडल्याची खातरजमा करून घेते, आणि तो आवाज प्रत्यक्षात कोणत्या दोन नाण्यांचा होता याची चौकशी कोणी करीत नाही.

आयोवा प्रांतातील मार्शलटाउन येथे रेल्वेच्या तारखात्यात नोकरी करणारा टी. नेल्सन डाउन्स हा अशाच स्वयंशिक्षणातून ‘नाण्यांचा राजा’ म्हणून गाजला आणि 1899 मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात हवेतून नाणी वेचून दाखवू लागला. परंतु तो रंगमंचाचा पुरुष. हातभर अंतरावरील खेळाचे मर्म मला मॅक्स मालिनी या जादूगाराच्या एका करामतीत अधिक दिसते. भोजनाच्या टेबलावर तो उसने घेतलेले नाणे फिरवी, त्यावर टोपी झाकी, छापा की काटा असे विचारी, आणि अखेरीस टोपी उचलल्यावर खाली बर्फाची मोठी लादी निघे. नाण्याचे काम तेथे केवळ पाहणाऱ्यांची नजर गुंतवून ठेवण्याचे. आणि बर्फ आत सरकविण्यास योग्य क्षण येईपर्यंत थांबण्याची त्याची तयारी जादूगारांत दंतकथेसारखी सांगितली जाते. थांबणाऱ्या माणसाला चपळाईची गरज नसते.

पुढे बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळे प्रसिद्ध झालेला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याने 1894 मध्ये जादूगारांच्या हस्तकृतींचे लागोपाठ टिपलेल्या छायाचित्रांच्या साहाय्याने केलेले परीक्षण प्रसिद्ध केले. कृतीचे असे तुकडे सुटे करून पाहू गेले की भ्रम टिकत नाही. तो कोणत्याही एका तुकड्यात नसतोच, तो तुकड्यांच्या ओघात आणि पाहणाऱ्याच्या अपेक्षेत असतो.

सर्वांत अवघड चौथे नाणे. तोवर तीन नाणी पलीकडे गेलेली असतात, डाव्या मुठीत एकच उरल्याचे सर्वांना ठाऊक असते, आणि एव्हाना सावध झालेले प्रेक्षक मुठी मिटण्याच्या आधीचीही प्रत्येक हालचाल तपासू लागतात. येथे जाणता जादूगार बाह्या सारखी करण्याचे किंवा कापडावरची सुरकुती काढण्याचे एखादे खरेखुरे निमित्त शोधतो, समोरच्याला काही प्रश्न विचारतो, आणि तो उत्तर देण्यासाठी मान वर करतो तेवढ्या अवधीत, कोणतीही घाई न करता, आपले काम उरकतो. अनेकजण तर शेवटचे नाणे आपल्या मुठीऐवजी प्रेक्षकाच्याच मुठीत निघेल अशी तजवीज करतात. ती मूठ उघडेपर्यंत प्रेक्षक ती घट्ट आवळून धरतो, आणि त्या आवळण्यात त्याला आपल्या तळव्याखाली नाणी तीन आहेत की चार हे मुळीच उमगत नाही.