आधी समुद्र, मग सिंह: पूर्व आफ्रिकेतल्या एका जोडसहलीचा मागोवा

पूर्व आफ्रिकेच्या सहलीचा आराखडा आज जवळजवळ ठरून गेला आहे. चार-पाच दिवस सेरेंगेटी आणि गोरोंगोरो, मग छोट्या विमानाने झांझिबार, आणि तिथे समुद्रकाठी तीन-चार दिवस विसावा. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या पत्रकांतही ही जोडी आता रुळली आहे. जंगल आणि किनारा निसर्गानेच एकमेकांसाठी नेमून ठेवले असावेत, असं ती पत्रकं वाचताना वाटतं. साठ वर्षांपूर्वी मात्र ही जोडी शेजारच्या केनियात होती, तिचा क्रम नेमका उलटा होता, आणि झांझिबारचं नावही तिच्यात नव्हतं.

या दोन प्रदेशांचं नातं पर्यटनापेक्षा खूप जुनं आहे आणि ते सुखाचं नाही. एकोणिसाव्या शतकात टांगानिका सरोवराच्या बाजूने निघालेले तांडे महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचत. त्यांच्याबरोबर दोन गोष्टी येत: हस्तिदंत आणि माणसं. दोन्हींची विक्री झांझिबारच्या बाजारात होई. तिथला बराचसा हस्तिदंत मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांतून मुंबईला उतरे; काही इथे बांगड्यांसाठी राही, काही पुढे लंडनला जाई. म्हणजे त्या हत्तींच्या कत्तलीत आपल्या बंदराचाही वाटा होता, आणि तो आपण सहसा आठवत नाही. झांझिबारचा गुलामबाजार १८७३ मध्ये बंद झाला. त्या जागी आज अँग्लिकन चर्च उभं आहे. किनाऱ्यावर विसावायला आलेल्यांपैकी अनेक जण तिथे जात नाहीत. जायला हवं.

मग रेल्वे आली. १८९६ मध्ये मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात झाली आणि १९०१ मध्ये ते व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर दोन नरभक्षक सिंहांनी महिनोन्‌महिने दहशत बसवली, ही गोष्ट जगभर गेली. मेलेल्या मजुरांची नावं कुठेच गेली नाहीत. याच रुळांच्या दोन्ही अंगांना १९४८ मध्ये त्सावोचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. उद्यानाच्या वेशीवरचं व्होई हे स्टेशन मोंबासापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. जंगल आणि किनारा एकाच सुट्टीत बसू शकले, ते आधी या अंतरामुळे.

१९६२ मध्ये त्सावोच्या पश्चिम भागात किलागुनी लॉज उघडलं. पुढच्या वर्षी केनिया स्वतंत्र झाला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, ब्रिटन इथून भाड्याची विमानं थेट मोंबासाला उतरू लागली. त्यांतून येणारा प्रवासी समुद्रासाठी येत असे. दोन आठवडे डियानी किंवा मालिंदीच्या वाळूत काढायचे, आणि मध्येच एक-दोन रात्रींसाठी मिनीबसमधून त्सावोला जाऊन यायचं. सिंह ही तेव्हाची पुरवणी होती. तांबड्या मातीत लोळून विटेच्या रंगाचे झालेले हत्ती पाहायचे, फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला किनाऱ्यावर परतायचं.

त्या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९६८ मध्ये केनियाने मालिंदी आणि वाटामूजवळचे प्रवाळ सागरी राष्ट्रीय उद्यानं म्हणून राखीव केले. आफ्रिकेतल्या अशा सर्वांत जुन्या उद्यानांपैकी ही दोन. समुद्रसुद्धा जंगलाइतकाच वन्य असतो आणि त्यालाही राखण लागते, हे एका नव्या देशाने इतक्या लवकर ओळखलं होतं. पुढे या जोडसहलीचा विस्तार झाला तेव्हा ही समज तिच्याबरोबर सगळीकडे गेली नाही.

सीमेपलीकडे टांझानियाची गोष्ट वेगळी होती. जनावरांच्या बाबतीत तो देश कधीच गरीब नव्हता. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांनी विमानातून सेरेंगेटीतल्या कळपांची मोजणी केली. त्या कामातच जानेवारी १९५९ मध्ये विमान कोसळून मायकेल गेला. त्यांच्या पुस्तकाने आणि माहितीपटाने सेरेंगेटी युरोपात घरोघर पोचवलं. त्याच वर्षी सेरेंगेटीत गुरं चारणाऱ्या मसाईंना उद्यानाबाहेर पडावं लागलं आणि त्यांच्यासाठी गोरोंगोरोचा वेगळा प्रदेश राखला गेला. तिथे माणसं आणि जनावरं एकत्र राहतील, असं ठरलं होतं. ते ठरणं पुढे किती टिकलं, ते खाली येईलच.

पण सेरेंगेटीला जाणारा प्रवासी उतरायचा नैरोबीत. गाड्या, मार्गदर्शक, हॉटेलं केनियाची. टांझानियाच्या वाट्याला थोडं प्रवेशशुल्क. ज्युलियस न्येरेरे यांचं समाजवादी सरकार यावर नाराज होतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये, पूर्व आफ्रिकी समुदाय मोडत असतानाच, टांझानियाने केनियालगतची सीमा बंद केली. ती १९८३ मध्ये उघडली, पण केनियातलं मारा आणि सेरेंगेटी यांच्यामधली वाट प्रवाशांसाठी आजही बंदच आहे. दर वर्षी तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट ज्या गवताळ प्रदेशात मुक्काम हलवत फिरतात, तो सलग आहे. माणसाने मात्र वळसा घालून दुसऱ्या नाक्यावरून जायचं. आजच्या जोडसहलीची पाळंमुळं त्या सीमाबंदीत आहेत, असं माझं मत आहे. नैरोबीचा रस्ता तुटल्यावर टांझानियाला स्वतःचं प्रवेशद्वार आणि पुढेमागे स्वतःचा समुद्र शोधणं भाग होतं.

तो समुद्र झांझिबारच्या रूपाने देशातच होता, पण मिटलेला. जानेवारी १९६४ च्या क्रांतीत सुलतानशाही उलथली, हजारो अरब आणि अनेक भारतीय मारले गेले किंवा परागंदा झाले. स्टोन टाउनची नक्षीदार दारं वाळवीच्या हवाली झाली. याच गल्ल्यांत जन्मलेला आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला फरोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, त्या वर्षीच कुटुंबासह इंग्लंडला गेला. बेटाचा संसार लवंगेवर चाले. लवंगेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इंडोनेशिया; तोच स्वतः लवंग पिकवू लागला आणि ऐंशीच्या दशकात भाव कोसळले. तेव्हा झांझिबारने पर्यटनाला दार उघडलं. ती हौस नव्हती, पोटाची गरज होती.

दरम्यान केनियाचं जंगल संकटात होतं. १९७७ मध्ये शिकारीवर बंदी आली तरी चोरटी शिकार वाढतच गेली. १९७३ च्या सुमारास दीड लाखाहून अधिक असलेले हत्ती १९८९ पर्यंत २०,००० च्याही खाली आले, आणि त्सावोने त्यात सर्वाधिक सोसलं. १८ जुलै १९८९ ला राष्ट्राध्यक्ष मोई यांनी नैरोबीत १२ टन हस्तिदंत पेटवून दिला. जंगल त्यानंतर हळूहळू सावरलं. किनाऱ्याच्या वाट्याला मात्र एकामागून एक घाव आले: १९९७ मध्ये लिकोनीतली दंगल, १९९८ मध्ये नैरोबीतला बॉम्बस्फोट, २००२ मध्ये मोंबासाजवळच्या हॉटेलवरचा हल्ला, २००७-०८ चा निवडणुकीनंतरचा हिंसाचार, २०११ मध्ये लामूकडची अपहरणं. मे २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या इशाऱ्यानंतर शेकडो प्रवाशांना सुट्टी अर्धवट टाकून विमानाने परत नेण्यात आलं. डियानीतल्या कित्येक हॉटेलांना कुलपं लागली आणि स्वयंपाकी, नावाडी, टॅक्सीवाले घरी बसले.

तोवर टांझानियात सेरेंगेटीच्या धावपट्टीवरून बारा-तेरा आसनी विमानं झांझिबारकडे झेपावू लागली होती. या विमानांत पंधरा किलो आणि तेही मऊ पिशवीत, एवढंच सामान चालतं. क्रम उलटला तो इथे. पहाटे पाचला उठून दिवसभर धुळीत हिंदकळलेल्या माणसाला शेवटी समुद्रच हवा असतो. शिवाय सेरेंगेटीच्या तंबूतली एक रात्र इतकी महाग, की ती पुरवणी असूच शकत नाही. आता किनारा पुरवणी झाला.

पुरवणी म्हटलं की तिच्याकडे लक्ष कमी जातं, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. सेरेंगेटीत गाडीतून उतरू नका, आवाज करू नका, रस्ता सोडू नका, हे सगळे निमूट पाळतात. तीच माणसं झांझिबारला पोचली की नियमच उरत नाहीत: प्रवाळावर पाय देतात, तारामासे पाण्याबाहेर काढून फोटो घेतात, डॉल्फिनच्या मागे बोटी पळवतात. चुंबे बेटाभोवतालचा प्रवाळ १९९४ पासून चोख राखला आहे. असं काम झांझिबारमध्ये सगळीकडे झालेलं नाही. पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानीकडे ओहोटीला समुद्र फार दूर जातो. त्या उघड्या पडलेल्या उथळ पट्ट्यात बायका १९८९ च्या सुमारापासून समुद्रशेवाळाची शेती करतात. पाणी तापू लागल्याने त्यांचं चांगल्या भावाचं पीक मरतं आहे, आणि काठावर हॉटेलांची रांग वाढली आहे. २०२४ मध्ये जेमतेम १९ लाख वस्तीच्या या बेटांवर सात लाखांहून अधिक परदेशी प्रवासी आले. गोडं पाणी तेवढंच आहे.

याच वाळूवर लाल शुका पांघरलेले मसाई तरुण मण्यांच्या माळा विकताना किंवा हॉटेलच्या फाटकावर पहारा करताना दिसतात. मसाई हे समुद्रकाठचे लोक नव्हेत. त्यांची कुरणं शेकडो किलोमीटर आत आहेत. तिथे गुरांवर दुष्काळ आला आहे आणि जमिनीवर राखीव क्षेत्रांच्या सीमा सरकत आल्या आहेत. जून २०२२ मध्ये लोलिओंडोत सीमेचे खांब रोवताना पोलीस आणि मसाई यांच्यात चकमक झाली. गोरोंगोरोतल्या कुटुंबांना दूर म्सोमेराला हलवणं सुरू आहे. १९५९ मध्ये दिलेला शब्द असा विरत चालला आहे. जंगलात ज्यांच्या गोठ्यासमोर आपण फोटो काढतो, त्यांचीच मुलं किनाऱ्यावर आपल्याला माळ विकायला येतात. या सहलीचे दोन भाग जोडणारा खरा धागा हा आहे, आणि कुठल्याही पत्रकात तो नसतो.

केनियाही पुन्हा उभा राहतो आहे. ३१ मे २०१७ ला नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे सुरू झाली. ती त्सावोतून उंच भरावावरून जाते आणि खाली हत्तींसाठी वाटा सोडल्या आहेत. मुंबईहून नैरोबी सहा तासांच्या आसपास. मराठी कुटुंबाला जुनी जोडी, म्हणजे त्सावो आणि डियानी, खिशाला अजूनही जास्त परवडते.

जायचं ठरवलंत तर शाळेच्या सुट्टीकडे पाहून एप्रिल-मे निवडू नका. तेव्हा तिथे मोठा पाऊस असतो आणि बरीच हॉटेलं बंद असतात. गणपतीच्या सुमारास मारा नदीवर कळप असतात आणि समुद्रही निवळलेला असतो. केनियाहून भारतात परतणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. किनाऱ्यावरचे दिवस कापून जंगलात घालू नका. गावातल्या माणसाच्या घरगुती खोलीत उतरा, त्याच्याच बोटीतून जा, प्रवाळाला हात लावू नका, आणि माळ विकणाऱ्या मसाई पोराला त्याचं गाव कुठलं ते विचारा.